अकरा गावांची तुळस

आमच्या घरमालकांशी माझी ओळख झाली ती नाकानं. म्हणजे त्यांच्या नाकानं. लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही नागावात त्यांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करायला आलो. गाडीतून ट्रंक उतरते आहे तोच एक उंच, वाळकेसे गृहस्थ ओटीवरून खाली आले, ट्रंकेपाशी वाकले आणि डोळे मिटून हुंगू लागले. मग आमच्या ह्यांना म्हणाले, की हिच्यात कुणीतरी शेपूची भाजी बांधून दिली होती, ती तुम्ही वाटेत संपवलीत. खरंच होतं. धरमतरला खाडी ओलांडताना तरीवर आम्ही ती भाकरीबरोबर खाल्ली होती.

मी घाटावरची, एकोणीस वर्षांची, समुद्र पहिल्यांदा पाहणारी. असल्या माणसाच्या घरात आपला निभाव कसा लागायचा, या विचारानं मी पदर घट्ट धरून उभी राहिले. त्या पदराच्या गाठीत आईनं बांधून दिलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या होत्या. शेपूचा शिळा वास ओळखणाऱ्या नाकातून त्या मंजिऱ्या तेवढ्या सुटल्या. पुढचं सगळं रामायण त्या सुटण्यामुळे घडलं.

गाव त्यांना अर्ककाका म्हणायचं. मुंबईच्या एका साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सुगंधी तेलांच्या कोठीवर काम केलं होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास ते नोकरी सोडून नागावच्या वडिलोपार्जित वाडीत येऊन राहिले. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, असं ते सांगायचे. एक नाक आणि दुसरी एक शंका.

नाकाचे पराक्रम आम्ही रोज पाहत होतो. दुधात पाणी कुठल्या विहिरीचं आहे, हे ते गवळ्याला तोंडावर सांगत. पोस्टमननं पत्र दिलं की आधी पाकीट हुंगत आणि मगच फोडत. कुणा नातेवाइकासाठी मुलगी पाहायला गेले तर म्हणे मुलीकडे न पाहता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहूनच नापसंती कळवून आले. आमच्या ह्यांनी एकदा कचेरीतून येताना चोरून विडी ओढली, तर काकांनी विडीचं नाव ओटीवरूनच मला ऐकवलं. दोन दिवस हे त्यांच्याशी बोलले नाहीत. मी मात्र तेव्हापासून काकांच्या बाजूची झाले.

शंका अशी होती. कारखान्यात देशोदेशीचं तुळशीच्या कुळातल्या झाडांचं तेल यायचं. झाड एक, पाला एक, काढण्याची रीत एक. पण एका पिंपाला लवंगेचा वास, दुसऱ्याला बडीशेपेचा, तिसरं उघडलं की कापूर. लवंगेत जो अर्क असतो तोच एका तुळशीत भरपूर आणि दुसरीत नावालाही नाही. असं का होतं, असं काकांनी तिथल्या मुख्य रसायनशास्त्रज्ञाला विचारलं. त्यानं उत्तर दिलं, की कोठीवाल्यानं पिंपं मोजावीत, रसायनं मोजू नयेत. ते उत्तर काकांच्या जिव्हारी लागलं. वीस वर्षांनंतरही ते सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्यांनी आपल्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं होतं. वास मातीचा. खारी वाळू एक वास देते, लाल माती दुसरा, खाडीकाठच्या खाजणातली चिकणमाती तिसरा. ते सिद्ध करायचं आणि एखाद्या शास्त्राच्या मासिकात आपल्या नावानं चार ओळी छापून आणायच्या, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. चारच ओळी हव्या होत्या. पाचवीचा मोह नाही, असं ते वर म्हणायचे.

त्यासाठी परसात एक तांब्याचं यंत्र होतं. खाली मोठा हंडा, वर घुमटासारखं झाकण, त्यातून निघालेली नळी पाण्याच्या पिंपातून वळसे घेऊन बाहेर यायची. हंड्यात पाणी आणि पाला घालायचा, खाली मंद जाळ करायचा, नळीतून थेंब थेंब पाणी पडायचं आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग यायचा. पोतंभर पाल्यातून अंगठ्याएवढी बाटली भरली तर काका खूश. उरलेलं वासाचं पाणी ते पोरांच्या खोकल्याला फुकट वाटायचे, म्हणून अर्ककाका.

पण तुळस चुलीवर चढवायची म्हणजे काय, हे तुम्हीच विचार करा. आळीतल्या बायकांनी पहिलं वर्षभर त्यांना दारात उभं केलं नाही. काकांनी तोड काढली. रविवारी आणि द्वादशीला पान तोडायचं नाही, दिवेलागणीनंतरही तोडायचं नाही, रोप कधीही मुळापासून उपटायचं नाही, आणि तोडण्याआधी हात जोडून तुळशीला मोठ्यानं कारण सांगायचं. ते कारण सांगणं ऐकायला बायका ओट्यावर जमायच्या. "माते, शास्त्रासाठी दोन शेर पाला नेतो, राग मानू नकोस," असं ते खणखणीत आवाजात म्हणत. हळूहळू बायका स्वतःच छाटलेल्या फांद्या बाजूला ठेवू लागल्या.

आणि मग ते यंत्र. तेव्हा दारूबंदी कडक होती. परसात हंडा, नळी, पिंप आणि वर धूर, म्हणजे आणखी काय असणार? कुणीतरी कळवलं आणि एका सकाळी हवालदार दोन शिपाई घेऊन आले. अख्खी आळी कुंपणापाशी. काकांनी शांतपणे बाटली पुढे केली. हवालदारांनी हुंगली, पण वासावर त्यांचा विश्वास बसेना. आमच्यासारख्यांना फसवायला वरून अत्तर घालतात, असं म्हणून त्यांनी पुरावा म्हणून चांगला घोट घेतला. ते लवंगेच्या जातीचं तेल होतं. हवालदारांचे डोळे वर गेले, जीभ बाहेर आली, शिपाई पाण्यासाठी विहिरीकडे धावले. पाचेक मिनिटांनी त्यांनी गाल चाचपला आणि नवलानं म्हणाले, की आठ दिवस ठणकणारी दाढ थांबली. काकांनी लगेच लवंगेचा अर्क दाताची नस कशी बधिर करतो, यावर त्यांना ओटीवर बसवून व्याख्यान दिलं. पंचनामा राहिला तो राहिलाच. पुढे ते हवालदार महिन्याला एकदा यायचे, पण कापसाचा बोळा घेऊन.

तेल हाती आलं की परीक्षा. लांब मानेच्या बाटलीत तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून काका ती बाटली तासभर हलवत बसत. तेलातला लवंगेचा भाग सोड्यात विरघळून जायचा आणि उरलेलं तेल मानेत वर येऊन थांबायचं. किती उरलं ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. मग नाकानं उरलेल्याचा निकाल. अशा अकरा गावांच्या अकरा बाटल्या फळीवर होत्या आणि भिंतीवर खाकी कागदावर काढलेला किनाऱ्याचा नकाशा होता. थळच्या जागी लवंग आणि थोडी बडीशेप, रेवदंड्याला लिंबाची झाक, असं लाल शाईनं लिहिलेलं. जवळपासच्या दोन गावांचे वास जुळले तर माती सारखी म्हणून ते सोडून देत. एकच गोष्ट त्यांना छळायची. आक्षी आमच्या शेजारची आणि दिघी पार खाली खाडीपलीकडे, पण दोन्हींचा वास नेमका एक. आधी कापूर, मग क्षणभरानं बडीशेप. आमचे हे चेष्टेनं म्हणायचे, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. काका म्हणायचे, पळसाला असतील, तुळशीची गोष्ट निराळी. समुद्राच्या प्रवाहानं दिघीची वाळू आक्षीला येत असावी, असं त्यांनी शेवटी ठरवून टाकलं.

आता माझं पाप सांगते. नागावच्या बाटलीसाठी काकांनी निवडली ती विहिरीमागची माझी तुळस. मी आल्या आल्या आईच्या मंजिऱ्या तिथे चुरगाळून टाकल्या होत्या आणि पहिल्या पावसाळ्यात ती कंबरेएवढी झाली. काकांनी पान चुरडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. काय लवंग आहे ही, म्हणाले, ही नागावची वाळू, हा खारा वारा, दुसरीकडे हा वास मिळायचा नाही. मला सांगायला हवं होतं, की काका, ही घाटावरची, माझ्या आईच्या अंगणातली. पण नवी सून, भाडेकरीण, आणि ते एवढे आनंदात. मी गप्प बसले. पुढच्या वर्षी त्यांनी तीच बाटली अलिबागच्या हेडमास्तरांना दाखवली, मी चहा दिला आणि पुन्हा गप्प बसले. एकदा गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलणं फार जड जातं. अशी पाच वर्षं गेली.

मग मुंबईच्या एका प्रोफेसरांचं पत्र आलं. काकांनी त्यांना नकाशा पाठवला होता. पत्र सज्जनपणाचं होतं. प्रोफेसरांनी लिहिलं होतं, की आपले कष्ट पाहून आनंद झाला, परंतु वास मातीचा की बियाणाचा हे यावरून ठरत नाही. अकराही गावांचं बी एकाच जमिनीत लावून पाहावं. सगळ्यांचा वास एक झाला तर आपलं म्हणणं खरं, आणि मग ते जरूर छापू.

काका नाचायचेच बाकी होते. त्यांना निकालाची शंकाच नव्हती. त्यांनी अकरा गावं हिंडून बी आणलं, परसात एकाच मातीचे अकरा वाफे केले आणि फुलोरा आल्यावर मधमाश्यांनी घोटाळा करू नये म्हणून मंजिऱ्यांवर जुन्या धोतराच्या मलमलीचे बुरखे घातले. चांगुणाबाय तेव्हा पोट धरधरून हसली होती. ही आक्षीची कोळीण, साठीच्या पुढची, रोज डोक्यावर पाटी घेऊन आमच्या आळीत यायची. आक्षीचा पाला काका तिच्याच अंगणातून आणायचे. "एका किस्नाला अकरा नवऱ्या," ती म्हणाली, "काका, कवा लगीन लावताय?"

मी मात्र हसले नाही. मला निकाल आधीच दिसत होता. घाटावरची तुळस नागावात येऊन पाच वर्षांत तसूभर बदलली नव्हती, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

अश्विनात काकांनी एकेक वाफा यंत्रात घातला. रविवार आणि द्वादशी सोडून अकरा दिवस जाळ होता. बाराव्या दिवशी त्यांच्या खोलीतून बाटली हलवल्याचा आवाज आला नाही. मी जेवायचं ताट घेऊन गेले तर ते फळीसमोर पाठमोरे बसले होते. जुन्या अकरा बाटल्यांखाली नव्या अकरा मांडलेल्या. प्रत्येक गावाचा वास आपापल्या जागी, जसाच्या तसा. माती एक होऊनही कुणी बधलं नव्हतं. काका हळूच म्हणाले, की तो कारखान्यातला माणूस बरोबर होता, मी पिंपंच मोजायला हवी होती. मला रडू आलं. ताट खाली ठेवून मी सगळं सांगून टाकलं. पदराची गाठ, आई, विहिरीमागची जागा, पाच वर्षांचं गप्प बसणं.

त्यांनी मला बोल लावला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "सूनबाई, असं बी बरोबर आणतात? सगळ्याजणी?"

सगळ्या नाही, पण पुष्कळजणी आणतात, मी म्हटलं. आमच्या आईनं आणलं होतं, तिच्या आईनंही. बायकांना यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. आणि तुम्ही तर कधी विचारलंच नाहीत, तुम्ही फक्त गाव विचारलंत आणि माती हुंगलीत.

काका उठले. टोपी घातली, छत्री घेतली आणि न जेवता थळच्या रस्त्याला लागले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. थळच्या त्या घरात सासू चौलची, आणि चौलच्या बाटलीला तोच वास. मी अंगणात तुळस पाहायला बारा वर्षं जात होतो, म्हणाले, आणि ती लावणारी बाई दारातच उभी असायची.

कार्तिकात त्यांनी तुळशीचं लग्न काढलं. अकराही घरच्या बायकांना नवरीच्या आया म्हणून बोलावणं. नऊजणी आल्या, कुणी गाडीनं, कुणी पायी. दिवेलागण झालेली, पान तोडता येईना, म्हणून जिनं तिनं पानांवरून नुसती बोटं फिरवून ती हुंगली. मग एकच गलबला झाला. मुरूडची सून म्हणाली, ही माझ्या माहेरची, आणि चौलच्या बाईनं तिला मिठी मारली. कुणाची आजी कुठली, कुणाची मावशी कुठे दिली, असं सुरू झालं. मंगलाष्टकं संपली तरी बोलणं संपेना. काका खाकी नकाशा घेऊन मध्ये बसले होते आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पेन्सिलीनं रेघा ओढत होते. साठीचा म्हातारा एकेका बाईला अदबीनं विचारत होता, बाई, तुमचं माहेर कुठलं, आणि बायका लाजून सांगत होत्या. इतकं सुंदर लग्न मी पुन्हा पाहिलं नाही.

चांगुणाबाय कुंपणाशी उसाचं कांडं सोलत बसली होती. काकांनी तिलाही विचारलं. ती हसली नाही.

"मना म्हायेर न्हाय, काका," ती म्हणाली. "पटकीच्या साथीत आयशीनं मना कडेवर घेतलं न् कुनाच्या तरी मचव्यातनं हतं आली. कनच्या गावातनं ते कुनाला ठावं न्हाय. चार म्हैन्यांत ती पन गेली. ती तुलस तेवढी तिनं लावलेली. शेजाऱ्यांनी मना वाढवलं न् त्याच वाड्यात लगीन लावलं. माजी ओटी भरनारं कोन न्हाय."

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. ते काय पाहत आहेत ते मला कळलं, आक्षी आणि दिघी. त्यांनी तिथे रेघ ओढली नाही. नुसतं म्हणाले, चांगुणाबाय, उद्या पाटी घेऊन येऊ नकोस, आपल्याला जायचं आहे.

मीही गेले. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून काकांनीच आमच्या ह्यांना विचारलं. रेवदंड्याला तरीनं खाडी ओलांडली, मुरूडची गाडी धरली, आगरदांड्याहून होडीत बसलो. वाटभर काका चांगुणाबायला सारखे बजावत होते, की यात खात्रीचं काही नाही, वास एक असला म्हणजे घर एक असं होत नाही, बी कुठूनही कुठे जातं. मला वाटतं, ते स्वतःलाच बजावत होते. आधीच एकदा त्यांचं ठाम मत फसलं होतं, आणि या वेळी पणाला लागलेल्या चार ओळी नव्हत्या.

दिघीला धक्क्याजवळ ते कोळ्याचं घर होतं, जिथून काका पाला न्यायचे. अंगणात तुळस. चांगुणाबाय तिच्यापाशी गेली, हात जोडले आणि एक पान तोडून चुरडलं. मग तिथेच खाली बसली. "आमचीच हाय," एवढंच म्हणाली.

घरात एक म्हातारी होती, ऐंशीची, डोळ्यांनी अधू. काकांनी तिला पटकीच्या साथीचं विचारलं. म्हातारीनं सांगितलं, की त्या साथीत तिचा थोरला भाऊ गेला, आणि भावजय लेकराला घेऊन रातोरात मचव्यात बसून वर मुंबईच्या बाजूला निघून गेली. दोघीही मेल्या असं समजून घरानं त्यांचं सुतक पाळलं होतं. ती चाचपडत अंगणात आली, चांगुणाबायचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ बोटांनी पाहत राहिली. पुरावा काही नव्हता. काकांनी मागितलाही नाही. आयुष्यभर बाटल्या हलवून खात्री करणारा तो माणूस अंगणाच्या कोपऱ्यात उपरण्यानं डोळे पुसत उभा होता. म्हातारीनं सुनेला हाक मारली आणि नारळ, तांदूळ आणि खण आणायला सांगितला. चांगुणाबायची ओटी भरली गेली तेव्हा तिच्या पदरातून तांदूळ सांडत होते.

काकांनी हे सगळं प्रोफेसरांना सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, की बियाणाचा निष्कर्ष योग्य दिसतो, पण तो आता इतरत्रही मांडला गेला आहे, आणि माहेरांच्या रेघा रसायनशास्त्राच्या मासिकात बसत नाहीत. काकांनी पत्र हुंगलं, घडी घातली आणि म्हणाले, की प्रोफेसरांच्या खोलीला फार दिवसांत ऊन लागलेलं नाही. दुसऱ्या दिवशी चौलला गेले, कुणाच्या तरी आजीचं माहेर शोधायला.

फाल्गुनात शिमग्याच्या आधी एका सकाळी चांगुणाबाय आली. हिरवं कोरं लुगडं, केसांत अबोली, हातात गाठोडं आणि डोक्यावर पाटी नाही. आळीतल्या बायका भांडी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तिनं मान जराशी ताठ केली.

"चार दिस मासली न्हाय मिलाची," ती म्हणाली. "म्हायेरी चालले मी."

मग एकेकीनं भांडं खाली ठेवलं आणि बासष्ट वर्षांच्या त्या माहेरवाशिणीला रेवदंड्याच्या गाडीवर बसवायला अर्धी आळी तिच्यामागून चालत गेली. गाठोडं काकांच्या खांद्यावर होतं.